दहावीतले चार खेळ

मार्च उजाडला, शाळेच्या मागच्या बाजूने काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास यायला लागला, की माझी झोप उडते. कुडाळच्या शाळेत इतकी वर्षं शिकवते आहे, दर वर्षी दहावीच्या हॉलवर माझी नेमणूक होते, आणि दर वर्षी उत्तरपत्रिका वाटताना माझे हात मुलांच्या हातांहून गार असतात. मुलांना वाटतं, बाई फार कडक आहेत. बाई कडक नसतात. बाई घाबरलेल्या असतात.

ही भीती परीक्षेची नव्हे. ती माझ्या स्वतःच्या दहावीच्या वर्षाची आहे. आणि ते वर्ष मला विषयांच्या किंवा मार्कांच्या नावाने आठवत नाही, खेळांच्या नावाने आठवतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, देवबागसारख्या गावात, आम्ही दोघी मुली एका वर्षात चार व्हिडिओ गेम खेळलो, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द तेव्हा आमच्या तोंडात नव्हता. आम्ही ‘मशीन’ म्हणायचो. मशीन खंय आसा? मशीन माका दी. मशीन लपय, आबा इले.

देवबाग म्हणजे वाळूची एक लांब जीभ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे माड, घरं, माणसं. समुद्र कुठल्या वर्षी कुणाचे किती माड नेईल याचा नेम नसायचा, त्यामुळे गावातली माणसं बोलता बोलता मधेच थांबून लाटेचा आवाज ऐकायची. मीही ऐकायची. आमचं घर खाडीच्या अंगाला होतं. माझे वडील, आबा, गावातल्या शाळेत मास्तर होते, आणि गावचं टपालही तेच बघायचे. टपालकचेरी म्हणजे आमची पडवी. एक टेबल, एक शिक्का, शाईची गादी, आणि दुपारच्या एसटीने मालवणहून येणारी खाकी थैली. आबा घरात मालवणी बोलायचे, पण त्या टेबलामागे बसले की छापील मराठी. “आपलं नाव सांगा,” असं ते सख्ख्या शेजाऱ्यालासुद्धा विचारायचे.

त्या शेजाऱ्यांतलंच एक घर फिलूचं. फिलू, म्हणजे फिलोमिना, माझ्याच वर्गात. बालवाडीपासून आम्ही एका बाकावर. तिचे पप्पा, इनासकाका, बोटीवर इंजिनात काम करायचे. दहा महिने समुद्रावर आणि दोन महिने घरी. तिची आई मारयाणबाय खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची, मासे खारवायची, आणि ते दहा महिने कसे जातात यावर एक अवाक्षर बोलायची नाही.

नववी संपलेल्या मे महिन्यात इनासकाका घरी आले ते पहिलं मशीन घेऊन. नारिंगी रंगाचं, साबणाच्या डबीएवढं. आत करड्या काचेवर काळी काळी चित्रं. वर एक फाटकं जाळं, त्यातून मासे खाली पडतात, आणि खाली एक बाई टोपली घेऊन उभी. दोन बटणं, एक डावं, एक उजवं. मासा टोपलीत पडला की ‘टिक’. जमिनीवर पडला की मांजर येऊन खाणार. तीन मासे मांजराने खाल्ले की खेळ संपला. आम्ही त्या बाईला ‘मावशी’ म्हणायचो.

खरं वेड लागलं होतं ते इनासकाकांनाच. सुरूच्या झाडाच्या सावलीत पाय पसरून बसायचे आणि मावशी डावीकडे धावली की स्वतः डावीकडे झुकायचे. मारयाणबाय चुलीपाशी बसून ओरडायची, “दहा महिन्यांनी घराक इलो, नि त्या डबयेत तोंड घालून बसलो!” ते हसायचे. मला खेळता येत नव्हतं. वरून मासा निघाला की मी घाबरून आधीच धावायची, आणि दुसराच खाली पडायचा. काका माझ्या खांद्यावरून बघत म्हणायचे, “वयल्या माशाक बघू नको गो शालन. खालचो बघ. वयलो पडाक अजून वेळ आसा.” चार दिवसांत माझा हात बसला. आठवड्यात मी फिलूच्या पुढे गेले. कुठल्याही गोष्टीत मी फिलूच्या पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ.

दुसरा खेळ घड्याळातला. जूनमध्ये जाताना काकांनी आपलं मनगटी घड्याळ फिलूच्या हातात बांधलं. त्यात एक नखाएवढी गाडी होती, समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायच्या. आम्ही रोज एसटीने जायचो त्या मालवणच्या शाळेत हिंदीच्या तासाला ते बेंचखाली वाजलं आणि सरांनी काढून घेतलं. आठ दिवस ते सरांच्या खणात होतं. ते आठ दिवस मी सरांच्या नजरेला नजर दिली नाही, जणू घड्याळ माझंच. परत मिळालं तेव्हा त्यात आमच्या आकड्याच्या दुपटीहून मोठा आकडा होता. ते परत देताना सरांनी मान वर केली नाही, आम्हीही नाही.

तिसरा खेळ आमचा नव्हताच. दिवाळीच्या आधी मालवणच्या बाजारात एका दुकानाच्या मागच्या खोलीत कपाटाएवढं मशीन आलं. नाणं टाकायचं, मग रंगीत पडद्यावर आकाशातून दगड कोसळायचे आणि आपण खालून ते फोडायचे. रंग मी पहिल्यांदा तिथे पाहिले, म्हणजे काळ्या पडद्यावर पेटलेले रंग. तिथे मुली जात नसत. आम्ही दोनदा गेलो, दप्तर पोटाशी धरून. दुसऱ्या वेळी बाहेर पडताना ओळखीच्या एका बाईंनी पाहिलं आणि त्या संध्याकाळी आबांनी मला टेबलासमोर उभं करून छापील मराठीत विचारलं, “आपण दहावीला आहात, याची आपल्याला कल्पना आहे ना?” पुन्हा गेलो नाही. पण कोसळणारे ते दगड डोळे मिटले की दिसत राहिले.

चौथा खेळ बोटीचा. तो नाताळात आला. इनासकाकांच्या बोटीवरचा एक गोव्याचा माणूस सुट्टीवर आला होता, त्याच्या हाती त्यांनी पाठवलं. डावीकडे एक मोठं जहाज, तिरकं झालेलं. त्याच्या कठड्यावरून माणसं उडी मारतात. खाली एक होडी. माणूस पाण्यात पडायच्या आत होडी त्याच्याखाली आणायची आणि किनाऱ्यावर सोडायची. तीन माणसं बुडाली की संपलं. आवाज सुरुवातीला सावकाश असायचा, मग भरभर, मग छातीतल्या ठोक्यासारखा. आणि एक गोष्ट आम्हाला फार लवकर कळली. काच जरा तिरकी धरली की पुढे पडणारी सगळी माणसं, सगळ्या जागी, आधीपासूनच पुसट दिसायची.

चारांतला सगळ्यात आवडता कुठला, असं कुणी त्या नाताळात विचारलं असतं तर आम्ही एका आवाजात बोटीचं नाव घेतलं असतं.

जानेवारीच्या अखेरीला इनासकाकांचं पत्र आलं. नेहमीसारखं दोन पानी. शेवटी एक ओळ होती, ‘आता बोट तेल भरायला आखातात जाणार आहे, काळजी करू नये.’ आखातात तेव्हा लढाई चालू होती, आणि तेलाच्या बोटींवर हल्ले होत होते. हे आम्हाला रेडिओमुळे ठाऊक होतं. ‘काळजी करू नये’ हे त्यांनी आधी कधी लिहिलं नव्हतं. फिलूने पत्र वाचून दाखवलं तेव्हा मारयाणबायने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

त्यानंतर पत्र आलं नाही.

फेब्रुवारी गेला. रोज दुपारी थैली यायची. आबा दोरी सोडायचे, पत्रं टेबलावर पालथी करायचे, शिक्के मारायचे. मारयाणबाय आमच्या कुंपणाशी उभी असायची, हातात काहीतरी घेऊन, कधी कोयता, कधी रिकामी टोपली, जणू जाता जाता थांबली आहे. ती विचारायची नाही. आबा मान वर न करता म्हणायचे, “नाय हां मारयाण, आज नाय.” तेवढंच ते टेबलामागून मालवणीत बोलायचे. ती निघून जायची. पत्रं मोजून झाल्यावर आबा थैली उलटी करून झटकायचे. कोपऱ्यात काही अडकलं असेल म्हणून. रोज.

संध्याकाळी रेडिओच्या बातम्यांना फिलू आमच्याकडे यायची. बातमीत कधी ‘तेलवाहू जहाज’ असे शब्द यायचे, मग नाव, कुठल्यातरी देशाचं, इनासकाकांच्या बोटीचं नव्हे. आम्ही दोघी एकमेकींचे घट्ट धरलेले हात सोडायचो. पुढे ती बातमी कुणाची होती, त्या बोटीवर कोण होतं, याचा विचार आम्ही केला नाही. आज ते आठवलं की लाज वाटते.

फिलू त्याच दिवसांत बोटीचं मशीन घेऊन यायला लागली. “तू खेळ,” ती म्हणायची, “माझे हात थरथरतत.” आणि मग अट घालायची. “पन्नास माणसां वाचव. एकय बुडाक नको. मगे उद्या पत्र येतला.” मी खेळायची. पन्नास होऊनही पत्र यायचं नाही. मग ती साठ म्हणायची. मला तिला सांगायचं होतं की या डबीचा आणि आखाताचा काही संबंध नाही. पण माझाही त्यावर पूर्ण विश्वास नव्हता, आणि पूर्ण अविश्वासही नव्हता. एखादा माणूस चुकून पाण्यात पडला की फिलूला बघवायचं नाही. नुसती उठून कुंपणापर्यंत जायची आणि परत यायची.

मार्चच्या सुरुवातीला काच पुसट झाली. आतले बटणासारखे गोल सेल संपत आले होते. मालवणात ते मिळेनात. अभ्यासाची सुट्टी होती, आई बुधवारच्या बाजाराला कुडाळला निघाली होती, तिच्यामागे लागून आम्ही दोघी गेलो. परीक्षा दहा दिवसांवर, आणि आम्ही एसटीत उभ्या, सेल आणायला. एका घड्याळजीने भिंग लावून ते झाकण उघडलं. जुने सेल काढले तेव्हा काच कोरी झाली. होडी नाही, जहाज नाही, कुणी नाही. फिलूने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. घड्याळजीने नवे सेल बसवले, टिक झालं, आणि सगळे जागेवर परत आले. परतीच्या वाटेवर ती एसटीच्या खिडकीशी झोपली. कित्येक दिवसांनी झोपल्यासारखी.

पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी तार आली.

दुपारची थैली नेहमीसारखी आली, पण मालवणच्या माणसाने ती देताना वेगळं एक पाकीट आबांच्या हातात ठेवलं. मी पडवीत व्याकरण घेऊन बसले होते. आबांनी नाव वाचलं आणि चष्मा काढला. कुंपणाशी त्या दिवशी मारयाणबाय नव्हती. ओहोटी होती, ती खाडीत उतरली होती. फिलू तिच्या घरी अभ्यास करत होती, तिचा पाठांतराचा आवाज इथपर्यंत येत होता.

“आबा,” मी म्हटलं, “आज देव नकात. उद्या पेपर आसा तिचो.”

आबा म्हणाले, “तार आसा ती. त्येच्यार मारयाणचा नाव आसा. माझा नाय, तुझा नाय.” त्यांनी पायात चपला घातल्या, आणि फिलूच्या घरावरून न जाता मागच्या वाटेने खाडीकडे निघाले. मी त्यांच्या मागे.

मारयाणबाय गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या काढत होती. आम्हाला बघून ती सरळ झाली. आबांच्या हातातलं पाकीट तिने पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

“माझे हात वले आसत,” ती म्हणाली. “तुमी वाचा, मास्तरानू.”

आबांनी पाकीट फोडलं. इंग्रजी तार होती, बोटीच्या मुंबईतल्या एजंटाकडून. आबांनी ती आधी मनात वाचली. मग छापील मराठीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “जहाजावर हल्ला. इनास जखमी. दवाखान्यात आहे. प्रकृती स्थिर. सविस्तर पत्र मागाहून.”

मारयाणबायने विचारलं, “स्थिर म्हंजे काय? हालना नाय?”

“तसा नाय गो,” आबा एकदम मालवणीत आले. “जीव आसा. जिवाक धोको नाय, असो त्येचो अर्थ.”

“असा लिवलाला आसा?”

“असो अर्थ आसा.”

“लिवलाला आसा काय, मास्तरानू?”

आबांनी तार पुन्हा पाहिली. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. “नाय,” ते म्हणाले. “लिवलाला ‘स्थिर’ आसा.”

ती खाडीच्या पाण्यात हात धूत राहिली. धुऊन झाले तरी धूत राहिली. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, “फिलूक सांगू नकात. तिचे पेपर होवंदे.” आणि मग माझ्याकडे वळली. “शालन, तू रोज तिच्यावांगडा जातंस. तुका माझी शपथ आसा. तुझ्या तोंडार काय दिसाक नको.”

मी मान हलवली. पंधरा वर्षांच्या मुलीला शपथ घालणं आणि ती पाळायला लावणं, यात कुणाची चूक होती असं मला आजही म्हणवत नाही. मारयाणबायला वाटलं, मुलीचं वर्ष वाचवावं. वाचवण्यासारखं तिच्या हातात दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सकाळी आम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या. दप्तरात परीक्षेची रिसीट, पेन, दोन चपात्या. फिलू मशीन माझ्या हातात द्यायची. “खेळ. पन्नास.” आणि मी खेळायची. तोपर्यंत माझ्या लेखी ती चित्रं होती. आता त्या कठड्यावरून उडी मारणारा प्रत्येक माणूस इनासकाका होता. मला ठाऊक होतं की त्यांच्या बोटीवर खरंच हल्ला झाला आहे, ते खरंच कुठल्यातरी परक्या दवाखान्यात पडले आहेत, हालत आहेत की नाहीत ते माहीत नाही. आणि शेजारी फिलू, माझ्या खांद्याला खांदा लावून, काचेत बघत. “बरा खेळतंस गो,” ती म्हणायची. “आज येतला बघ पत्र.” माझ्या तोंडावर काही दिसू नये म्हणून मी मान वर करायची नाही. पन्नास झाले तरी खेळत राहायची, एसटी येईपर्यंत.

मराठी झालं. हिंदी झालं. इंग्रजी झालं. पेपरात मी काय लिहिलं ते आठवत नाही. दुपारी घरी आल्यावर फिलू विचारायची, “आबांनी काय सांगल्यानी? काय इला?” आणि मी म्हणायची, “नाय.” ते खरंच होतं. सविस्तर पत्र आलं नव्हतं. खरं बोलूनही खोटं बोलता येतं, हे मी त्या मार्चमध्ये शिकले. रात्री मला जेवण जात नव्हतं. आईला वाटलं, परीक्षेची भीती.

भूमितीच्या पेपराला जाताना तारकर्लीला एसटीत एक म्हातारे गृहस्थ चढले. इनासकाकांच्या ओळखीचे. फिलूला बघून मायेने म्हणाले, “काय गो, पप्पाचा कसा आसा आता? बोट जळली म्हणान कळला. दवाखान्यातच आसा मा अजून?”

फिलूने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तेवढ्यात मान खाली घातली. तेवढं पुरे झालं.

मालवण आलं. ती उतरली, हॉलमध्ये गेली, आपल्या नंबरावर बसली. मी तिच्या मागे तिरकी दोन बाक सोडून होते. तिने उत्तरपत्रिकेवर नंबर घातला, कंपासपेटी उघडली, आणि त्यानंतर पेपर संपेपर्यंत पेन हातात घेतलं नाही. पाठ ताठ करून बसून राहिली. मी तिची पाठ बघत बघत प्रमेयं लिहिली. ती बरोबर आली, हे मला पुढे कळलं.

फाटकाबाहेर ती माझी वाट बघत होती.

“तुका म्हायत होता?”

“होय.”

“कधीपासना?”

“पैल्या पेपराच्या आदल्या दिसापासना.”

“आणि कोणाकोणाक म्हायत आसा?”

तारकर्लीच्या म्हाताऱ्यालासुद्धा ठाऊक होतं, म्हणजे सगळ्यांनाच.

“माझो पप्पा तो,” ती म्हणाली. “सगळ्यांका म्हायत. फकत माका नाय. आणि तू रोज माझ्यापुढ्यात उभी रवान खेळत होतंस.” तिने दप्तरातून मशीन काढलं, माझ्या हातात कोंबलं आणि थांब्याकडे चालू लागली. त्या एसटीत ती पुढे बसली, मी मागे. उरलेले पेपरही असेच दिले.

एप्रिल मला आयुष्यातला सगळ्यात लांब महिना वाटतो. अंगणात रतांब्यांची सालं कोकमासाठी वाळत होती, आंबे उतरत होते, आणि कुंपणापलीकडून माझ्या नावाची हाक येत नव्हती. मशीन माझ्या कपाटात होतं. मी खेळले नाही. मला भीती वाटायची की मी खेळेन आणि कुणीतरी बुडेल.

एप्रिलच्या मध्यावर आबांना थैलीत मारयाणबायच्या नावाचं पत्र सापडलं. परदेशी तिकीट, पण अक्षर इनासकाकांचं नव्हतं. आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. अक्षर बदललं याचा अर्थ काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं आणि बोलवत नव्हतं. कुंपणाशी कुणी नव्हतं. आबा म्हणाले, “तू घेवन जा.” मी गेले. फिलूने दार उघडलं, पाकिटावरचं अक्षर पाहिलं. तिने पत्र घेतलं आणि दार लावलं. मी बाहेर पायरीवर उभी राहिले. आत बराच वेळ काही आवाज नव्हता. मग मारयाणबायचा रडण्याचा आवाज आला. पण रडण्याचेही प्रकार असतात. ते कुणी गेल्याचं रडणं नव्हतं. मी पायरीवर बसले.

पत्र शेजारच्या खाटेवरच्या माणसाने लिहून दिलं होतं. इनासकाकांचा उजवा हात भाजला होता, त्याची तीन बोटं गेली होती, आणि ते मे महिन्यात घरी येणार होते.

ते आले त्या दिवशी फिलू कुंपणाशी आली. सहा आठवड्यांनी. “पप्पा इले,” ती म्हणाली. “तुका बोलयतत.” तिच्या आवाजात राग नव्हता, पण जुनं काहीही नव्हतं. मी मशीन घेऊन गेले. काका सुरूखाली बसले होते, निम्मे झालेले. उजवा हात फडक्यात. त्यांनी मशीन मांडीवर ठेवलं, डाव्या अंगठ्याने डावं बटण दाबलं, आणि उजव्या बटणाकडे बघत राहिले. मग फिलू काही न बोलता त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि तिने त्या बटणावर बोट ठेवलं. दोघांचा मेळ बसेना. होडी भलतीकडेच जायची. माणसं धडाधड पाण्यात पडत होती. काका हसायला लागले, पुन्हा पुन्हा सुरू करायला लागले, आणि मारयाणबाय चुलीपाशी नुसती बघत उभी होती. या वेळी ती ओरडली नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास. फिलू गणितात नापास. ऑक्टोबरात तिने पुन्हा पेपर दिला, सुटली, पुढे मुंबईला जाऊन नर्स झाली, आता मस्कतला असते. इनासकाका पुन्हा बोटीवर गेले नाहीत. आम्ही दोघी आजही एकमेकींच्या आहोत. लग्नं, मुलं, आबांचं जाणं, काकांचं जाणं, सगळ्यात. पण त्या भूमितीच्या पेपराबद्दल चाळीस वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. गेल्या मार्चपर्यंत.

गेल्या मार्चमध्ये विज्ञानाचा पेपर चालू असताना शिपाई माझ्या हॉलच्या दाराशी आला. त्याने चिठ्ठी दिली. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचे वडील नारळ काढताना माडावरून पडले होते, त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. दारात उभे असलेले सहकारी हळूच म्हणाले, “बाई, तासभरच उरलाय. पेपर संपू दे. पोरीचं वर्ष जाईल.” ते चांगले गृहस्थ आहेत. ते मारयाणबायसारखंच बोलत होते.

मी त्या मुलीकडे पाहिलं. ती आकृती काढत होती, जीभ दातांत धरून. माझे हात गार पडले. मी चालत तिच्या बाकापाशी गेले, खाली बसले, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडासमोर येईल, आणि जेवढं चिठ्ठीत होतं तेवढं सगळं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. म्हटलं, “बाहेर रिक्षा उभी आहे. पेपरही आहे. तू ठरव.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, “बाई, बोलतत ते?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “चिठ्ठीत लिहिलेलं नाही.”

तिने पेनाला टोपण लावलं आणि उठली. मी फाटकापर्यंत तिचा हात धरून गेले. तिचे वडील वाचले, हे दोन दिवसांनी कळलं. पण त्या दुपारी ते मला माहीत नव्हतं. हॉलवर परत आले तेव्हा एक बाक रिकामा होता, वर अर्धी आकृती होती, आणि मी बरोबर केलं की चूक, ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर मी चहासुद्धा न करता मस्कतला फोन लावला. फिलूला सगळं सांगितलं. मागे तिच्या वॉर्डातले आवाज येत होते.

“आणि पेपर?” तिने विचारलं.

“अर्धो रवलो. तेच्यात नापास होतली ती.”

“मरांदे तो पेपर,” फिलू म्हणाली. “परत देयत. मी दिलंय मा?”